अल्ट्रासोनोग्राफीच्या पोटात नागपूर

प्रश्न : भाऊ, माझी नात आठवीत आहे. सुट्टीत तिला एक मजेशीर गृहपाठ मिळालाय. नागपूरच्या इंग्रजी स्पेलिंगमधली सहाही अक्षरं, म्हणजे एन, ए, जी, पी, यू आणि आर, ज्यांत येतात असे इंग्रजी शब्द शोधायचे. क्रम कसाही चालेल, पण शब्द किमान दहा अक्षरांचा हवा. मोबाइलला हात लावायचा नाही, ही नातीची स्वतःची अट. दुपारभर आम्ही कुलरसमोर डिक्शनरी घेऊन बसतो. ‘प्रोग्रॅमिंग’ सापडला, ‘फोटोग्राफिंग’ सापडला, पण दोन्हींत यू नाही! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत डिक्शनरी वाचणं या वयात माझ्याच्यानं होणार नाही. काही युक्ती आहे का?
— एक आजोबा, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आजोबा, पहिल्या पानापासून वाचायला जाऊच नका. तुम्हाला सापडलेले दोन्ही शब्द एकाच ठिकाणी अडकले, हे तुमच्या लक्षात आलंच आहे. युक्ती तिथेच दडली आहे.

मी प्रेसमध्ये इंग्रजी प्रुफं तपासत आयुष्य काढलं. त्या काळी छपाईसाठी अक्षरांच्या ओळी जुळवणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या कीबोर्डवर डावीकडच्या पहिल्या दोन उभ्या ओळींत बारा अक्षरं असायची. वरून खाली वाचली की ई, टी, ए, ओ, आय, एन आणि मग एस, एच, आर, डी, एल, यू. इंग्रजीत जास्तीत जास्त लागणारी अक्षरं हाताशी असावीत म्हणून ती अशी मांडलेली. ओळ चुकली की ऑपरेटर त्या उभ्या ओळींवरून बोट फिरवून ती कशीबशी भरून टाकायचा. ती ओळ काढायची राहिली तर बातमीच्या मधोमध हा बाराखडीचा गोळा छापून यायचा. खरं वाटत नसेल तर ‘हितवाद’चा कोणताही एक रकाना घ्या. १९११ पासून आपल्या गावात निघणारं इंग्रजी वर्तमानपत्र आहे ते. नातीला पेन्सिल द्या आणि अक्षरं मोजायला लावा. ई सगळ्यांच्या पुढे निघेल.

आता आपली सहा अक्षरं त्या बारांत कुठे बसतात ते पाहू. ए, एन, आर आरामात आहेत. यू अगदी शेवटी, बाराव्या जागेवर. जी आणि पी त्या दोन ओळींत नाहीतच. म्हणजे ए, एन, आर यांची चिंता करायची नाही, ती आपोआप येतात. पकडायचं ते जी, पी आणि यूला.

जीला पकडायचा सोपा रस्ता म्हणजे ‘आयएनजी’ ही शेपटी. ती लावली की जीसोबत एनही मिळतो. मग उरतात ए, पी, यू, आर. तुम्ही इथवर आला होतात. पुढे प्रोग्रॅम आणि फोटोग्राफ असे शब्द घेतलेत, त्यांत पी आहे, आर आहे, ए आहे, पण यू शिरायला जागाच नाही. तेव्हा यू आणि पी ज्यांत जोडीने राहतात असे तुकडे हुडकायचे. ‘पर’ घ्या, पी-यू-आर वाला. त्यातून ‘पर्चेसिंग’ निघाला, बरोबर दहा अक्षरं. ‘कॅप्चर’मध्ये पी आणि यू दोन्ही आहेत. ‘कॅप्चरिंग’ नऊच अक्षरांचा भरतो, पण पुढे ‘री’ लावला की ‘रीकॅप्चरिंग’ अकरा. ‘अपग्रेडिंग’मध्ये सहाही आहेत, मात्र तोही नवावरच थांबतो, सोडून द्या. ‘अनरॅपिंग’ दहा, त्यात डब्ल्यू मुका आहे आणि पी दोनदा, नाहीतर अक्षर मोजताना चुकायचं. ‘रिक्यूपरेटिंग’ बारा, ‘पर्पेच्युएटिंग’ बारा, ‘ओव्हरपॉप्युलेटिंग’ चौदा.

पण छापील डिक्शनरीत एक अडचण आहे. ती शब्दाच्या डोक्याकडून लावलेली असते, शेपटीकडून नाही. लंडनच्या जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये शेवटच्या अक्षरांनुसार लावलेला कोश काढला होता, यमक जुळवणाऱ्यांना तो फार सोयीचा. तुमच्या घरच्या डिक्शनरीत ती सोय नसणार. म्हणून यू असलेली डोकी धरा: अप, अन, अंडर, सुपर, अल्ट्रा. डिक्शनरीतली एवढीच पानं चाळायची. ‘अंडर’मध्ये यू, एन, आर तिन्ही आयते, तिथे ‘अंडरप्लेइंग’ बसलेला सापडेल. ‘सुपर’मध्ये यू, पी, आर आयते, आणि तिथे ‘सुपरचार्जिंग’ आहे, तेरा अक्षरांचा.

आता माझा लाडका. ‘ग्राफ’ या तुकड्यात जी, आर, ए, पी ही चार अक्षरं एका दमात मिळतात. उरतात फक्त एन आणि यू. धंतोली किंवा रामदासपेठेतून नातीला घेऊन एक चक्कर मारा. दर दोन इमारतींमागे ‘सोनोग्राफी’ची पाटी दिसेल. त्या पाटीवर नागपूरची पाच अक्षरं आधीच लिहिलेली आहेत, कमी आहे तो फक्त यू. पुढे ‘अल्ट्रा’ जोडा, यू आला. ‘अल्ट्रासोनोग्राफी’ पंधरा अक्षरांचा, आणि ती करणारा ‘अल्ट्रासोनोग्राफर’ सोळांचा. आणखी लांब हवा असेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे चला. ‘न्यूरोपॅथॉलॉजिकल’ सतरा, ‘न्यूरोसायकॉलॉजिकल’ अठरा. दोन्हींत सहाही अक्षरं आहेत, नातीने स्वतः खुणा करून खात्री करावी. अठराच्या वर तिने जाऊ नये असं माझं मत आहे. त्यापुढचे शब्द फक्त लांबीसाठी जगतात.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी दर शनिवारी स्क्रॅबल खेळतो. क्यू, झेड, एक्स किंवा जे हातात आला की माझा डाव बसतो. गुण भरपूर, पण शब्द सुचत नाही. यांतली दोन अक्षरं एकत्र येतात असे मोठे शब्द सांगाल का?
— एक गृहिणी, धरमपेठ

उत्तर : ताई, ज्या माणसाने हा खेळ बनवला त्याने तुमचं दुःख मोजूनमापून ठरवलेलं आहे. आल्फ्रेड बट्स हे अमेरिकेतले वास्तुविशारद, १९३० च्या मंदीत काम गेलेले. त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली आणि त्या हिशोबाने सोंगट्या पाडल्या. शंभरांत बारा ई, पण जे, के, क्यू, एक्स, झेड प्रत्येकी एकच. क्यू आणि झेडला दहा गुण, जे आणि एक्सला आठ.

ही चार अक्षरं एकाच माळेची नाहीत, हे आधी ध्यानात घ्या. झेडला शेपटी आहे: ‘आयझेडई’. कितीतरी क्रियापदं तिच्या आधाराने झेडवाली होतात. एक्सला डोकं आहे: ‘एक्स’ हाच उपसर्ग. म्हणून ही दोन अक्षरं एका शब्दात सहज जमतात. ‘मॅक्सिमाइझ’ घ्या, आठ अक्षरं, ‘मॅक्सिमायझेशन’ बारा. आपल्याकडे शाळेत झेडच्या जागी एस लिहायला शिकवतात, त्यामुळे आपला झेड हातातच राहून जातो. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीला झेडवालं रूप मान्य आहे, बिनधास्त लावा. ‘इक्वलाइझ’मध्ये क्यू आणि झेड, ‘एक्स्क्विझिट’मध्ये एक्स आणि क्यू. ‘क्विझिकल’ला झेड दोन लागतात आणि सोंगटी एकच, तेव्हा दुसऱ्यासाठी कोरी सोंगटी खर्ची घालावी लागते.

जे मात्र खरा हट्टी. त्याला ना डोकं ना शेपटी, तो शब्दाच्या मुळातच असावा लागतो. ‘जेपर्डाइझ’मध्ये जे आणि झेड, ‘जक्स्टापोझिशन’मध्ये जे आणि एक्स, ‘जॉन्क्विल’ या फुलाच्या नावात जे आणि क्यू. जे हातात आला तर तो धरून ठेवू नका, छोट्या शब्दात काढून टाका. लांब शब्दाच्या आशेने जे साठवणारी माणसं मी शेवटी आठ गुण वजा करून घेताना पाहिली आहेत.

क्यू आला आणि यू नाही, यावर इलाज आपल्या शेजारीच आहे. यू मागे न येणारे क्यूचे बरेच शब्द इंग्रजीने अरबी-फारसी-उर्दूच्या वाटेने घेतले. बुरखा, नकाब, फकीर यांची इंग्रजी रूपं क्यूने लिहिलेली चालतात, आणि ताजबागेच्या उरुसात घुमते ती ‘कव्वाली’सुद्धा, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, पूर्ण सात अक्षरं. साती सोंगट्या एकदम लावल्या तर वरचे पन्नास गुण वेगळे. पण डाव सुरू व्हायच्या आधी कोणती डिक्शनरी मानायची ते मैत्रिणींशी ठरवून घ्या, नाहीतर चहा थंड होईपर्यंत वाद चालेल.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिलेली अक्षरं असलेले सगळ्यात लांब शब्द काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू? आणि तुमच्यासारख्यांना ही चीटिंग वाटते का?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : चीटिंग कशाला? शब्दकोड्याच्या स्पर्धेत मोबाइल काढलास तर ती चीटिंग, घरी बसून यंत्र बनवलंस तर तो अभ्यास.

आधी यादी लागते. लिनक्सवर ‘वर्ड्स’ नावाची साधी फाइल मिळते, एका ओळीत एक शब्द. ती चाळायला ‘ग्रेप’ हे हत्यार आहे. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्प्सन यांनी १९७० च्या दशकात लिहिलेलं, अजूनही जसंच्या तसं उपयोगी. नवशिके सहाही अक्षरांसाठी एकच भलामोठा पॅटर्न लिहायला जातात आणि क्रमात अडकतात, कारण सहा अक्षरांचे ७२० क्रम होतात. त्याऐवजी चाळणीवर चाळणी लाव. जी असलेल्या ओळी काढ, त्या निकालातून पी असलेल्या, त्यातून यू असलेल्या, असं करत जा. दुर्मीळ अक्षर पहिलं घे, म्हणजे पुढच्या चाळण्यांना काम कमी उरतं. शेवटी लांबीनुसार उतरत्या क्रमाने लाव, झालं.

अक्षरं जशीच्या तशी वापरून दुसरा शब्द हवा असेल तर वेगळी रीत. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावायची आणि ती त्याची किल्ली मानायची. ‘ऑरेंज’ची किल्ली होते ए-ई-जी-एन-ओ-आर. संपूर्ण यादीच्या किल्ल्या करून ठेवल्यास की सारख्या किल्लीचे शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. ऑरेंजच्या शेजारी कोण येतो ठाऊक आहे? ‘ऑनेजर’, म्हणजे रानगाढव. कच्छच्या छोट्या रणात हिंडतं ते याच जातीतलं. संत्र्यांच्या शहरात हे फार मोठ्याने सांगू नकोस. चवीचा बदल म्हणून हेही बघ: ऑरेंजची सहाही अक्षरं ‘ग्रँडमदर’मध्ये आहेत.

एक सावधगिरी. या फाइलमध्ये माणसांची, गावांची नावं मिसळलेली असतात. मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी आधी काढून टाक. आणि नुसते ‘एस’ किंवा ‘नेस’ जोडून लांबवलेले शब्द वर तरंगतात, त्यांना हाताने बाजूला सार. तेवढं काम यंत्रावर सोडू नये.

प्रश्न : इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द ४५ अक्षरांचा आहे हे खरं का? आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात क्विझ आहे, त्यात विचारायचा आहे.
— मंडळाचा एक कार्यकर्ता, मानेवाडा

उत्तर : मोठ्या इंग्रजी डिक्शनऱ्यांत छापलेल्या शब्दांपैकी लांबीला तोच पुढे. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. पंचेचाळीस हा आकडा नागपूरकरांना मे महिन्यामुळे पाठच असतो. पण क्विझमध्ये विचारण्याआधी त्याची जन्मकथा सांगा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेबाजांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम जुळवला, लांबीत सगळ्यांना मागे टाकायला. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिका-धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार, असा त्याचा अर्थ लावला जातो. डॉक्टर मात्र हा शब्द लिहीत नाहीत. ते ‘सिलिकोसिस’ लिहितात, नऊ अक्षरांत. तो आजार खरा आहे आणि बरा होत नाही. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामावर सिलिकेची धूळ श्वासातून जाऊन तो होतो. वेकोलि (कोळसा खाणींची कंपनी), मॉइल (मँगनीज खाणींची कंपनी) आणि भारतीय खाण ब्युरो यांची मुख्यालयं ज्या गावात आहेत तिथल्या क्विझमध्ये खरं तर हा नऊ अक्षरांचा शब्द विचारायला हवा.

मला त्या पंचेचाळीस अक्षरी शब्दाचं कौतुक नाही, आणि त्याला कारण आहे. कागदावर मांडून बघा. इतक्या लांबीत त्याने वेगवेगळी अक्षरं वापरली फक्त चौदा. ओ, सी, आय यांचीच भरताड. ई तर एकदाच. जी नाहीच, म्हणजे त्रिमूर्तीनगरच्या आजोबांना तो नागपूरसाठी कामाचा नाही! त्याच्या उलट ‘डर्मॅटोग्लिफिक्स’, बोटांच्या ठशांचा अभ्यास. पंधरा अक्षरं आणि पंधराही वेगळी, एकही दुसऱ्यांदा नाही. ‘अनकॉपीराइटेबल’ही तसाच, पंधरांत पंधरा. पंचेचाळीसवाल्यापेक्षा एक अक्षर जास्तच, तेही एक तृतीयांश लांबीत. क्विझमध्ये हे विचारा. कॉलनीतली पोरं लगेच मोजायला बसतील.

प्रश्न : पाचही इंग्रजी स्वर ओळीने येणारा शब्द आहे का? दुकानात गिऱ्हाइकाशी पैज लागली आहे.
— एक दुकानदार, सीताबर्डी

उत्तर : आहे. ‘फसीशस’ नऊ अक्षरांचा, ‘ॲबस्टीमियस’ दहांचा. दोन्हींत ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने आणि एकेकदाच येतात. शेवटी ‘एलवाय’ जोडलात तर वायसुद्धा रांगेत उभा राहतो. गिऱ्हाइक उलट्या क्रमाचा मागेल, तेव्हा ‘सबकॉन्टिनेंटल’ काढा: यू, ओ, आय, ई, ए. आणि या पाचांपैकी एकही नसलेला मागितला तर ‘रिदम्स’, सात अक्षरं. पैज किती रुपयांची ते लिहिलं नाहीत.

प्रश्न : नमस्कार. तुमच्या मागच्या उत्तरावरून स्फूर्ती घेऊन मी विदर्भाच्या इंग्रजी स्पेलिंगमागे लागले आहे. आठ अक्षरं, त्यांत ए दोनदा. काही केल्या जमत नाही. व्ही, बी आणि एच हे तिघे एका शब्दात नांदायलाच तयार नाहीत.
— कॉलेजातली एक मुलगी, महाल

उत्तर : मुली, तू अवघड जागी हात घातलास. तिघांना एकत्र आणणारा शब्द आहे, ‘बिहेव्ह’. त्याच्या घराण्यातला ‘बिहेव्हिअरल’ घे. व्ही, आय, ए दोनदा, आर, बी, एच, सगळे हजर. एक डी नाही. मग ‘ॲडव्हर्बियल’ बघ. त्यात डी आहे, दोन्ही ए आहेत, बाकीचेही आहेत, फक्त एच नाही. दोन्ही जवळून हुकतात.

तिसरा मात्र आपल्या गावचाच म्हणायला हवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं, तेव्हापासून तो इथे घराघरात आहे: ‘बोधिसत्त्व’. इंग्रजी डिक्शनऱ्यांत तो अकरा अक्षरांनी छापलेला असतो. बी, डी, एच, आय, व्ही, दोन ए, सात अक्षरं त्यात आहेत. अडतो तो फक्त आरसाठी, आणि आर म्हणजे त्या बारांतलं सहज मिळणारं अक्षर!

आठही अक्षरं असलेला, कुठल्याही बऱ्या डिक्शनरीत छापलेला शब्द ज्यांना सापडेल त्यांनी पोस्टकार्डावर कळवावा. स्पेलिंग सुट्या अक्षरांत लिहा, जोडून लिहिलेलं मला आता वाचवत नाही. ‘नेस’ लावून लांबवलेले शब्द पाठवू नयेत.